पिशवी काढली, पण ओव्हरी ठेवली का?

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्ही विचारतो, "कुणाकुणाचे पिशवीचे ऑपरेशन झाले आहे?" हात वर येतात. मग दुसरा प्रश्न विचारतो, "पिशवीबरोबर ओव्हरी पण काढली का?" इथे सगळ्या एकमेकींकडे बघू लागतात. एखादी मावशी म्हणते, "काय माहीत ताई, डॉक्टर म्हणाले सगळं साफ केलं."

या "सगळं साफ केलं" मध्ये नेमके काय गेले आणि काय राहिले, हे त्या बाईला माहीत असायलाच हवे. तिच्या पुढच्या वीस-तीस वर्षांची तब्येत त्यावर ठरते.

गर्भपिशवी म्हणजे बाळ वाढण्याची जागा. पाळीचे रक्तही तिथूनच येते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन गाठी असतात, त्यांना अंडाशय किंवा ओव्हरी म्हणतात. बाईच्या शरीरातले मुख्य हार्मोन, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, ओव्हरीत तयार होतात. यातले इस्ट्रोजेन फक्त पाळी आणि मूल यांच्यापुरते नसते. हाडे भक्कम ठेवणे, रक्तवाहिन्या मऊ ठेवणे, झोप लागणे, लघवीच्या आणि योनीच्या जागेत ओलावा राहणे, एवढी सगळी कामे त्याच्याकडे असतात.

आता ऑपरेशनचे दोन प्रकार लक्षात घ्या. पहिल्यात फक्त पिशवी काढतात आणि ओव्हरी जागेवर ठेवतात. पाळी बंद होते, पण हार्मोन तयार होत राहतात. मात्र ओव्हरीला जाणारा रक्तपुरवठा थोडा कमी होतो, त्यामुळे अशा बाईची ओव्हरी इतर बायकांपेक्षा काही वर्षे आधी थकू शकते. पाळी आधीच बंद असल्याने ओव्हरी कधी थांबली हे कळायला खूणच उरत नाही.

दुसऱ्या प्रकारात पिशवीसोबत दोन्ही ओव्हरी काढतात. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते आणि त्याआधी काही वर्षे हार्मोन हळूहळू कमी होत असतात. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. ऑपरेशनमध्ये ओव्हरी काढल्या की तेच हार्मोन एक-दोन दिवसांत खाली येतात. बाई तीस वर्षांची असली तरी शरीर पाळी गेलेल्या बाईचे होते.

कॅन्सर असेल, मोठी गाठ असेल, ओव्हरीत पू झाला असेल, तर ओव्हरी काढणे गरजेचे असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता, न सांगता काढण्याबद्दल, आणि काढल्यावर "आता तुमची कटकट गेली" म्हणून घरी पाठवण्याबद्दल.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची गोष्ट आपण ऐकली असेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. उचल घेतलेली, एक दिवस काम बुडाले तर खाडा कापला जाणार, फडात ना संडास ना पाणी. अशा बाईला पाळी हीच अडचण वाटू लागते. त्यात अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेली की "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असे सांगणारे भेटतात. ऊस तोडायला जाणाऱ्यांत भूमिहीन दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या किती बाया आहेत, हे आपल्याला सांगायला नको. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असते आणि गोळ्यांनी बरे होते.

त्या ऑपरेशनांच्या आकड्याची चर्चा झाली. ऑपरेशननंतर त्या बायांच्या शरीराचे काय झाले, याची चर्चा फार कमी झाली.

ओव्हरी गेल्यावर काय होते, ते बायांच्या शब्दांत सांगतो. "अंगातून वाफा निघतात." थंडीतही चेहरा, मान, छाती एकदम तापते, घाम फुटतो, मग अंग गार पडते. रात्री घामाने ओले होऊन उठून बसावे लागते. झोप मोडते, चिडचिड होते, विनाकारण रडू येते, धडधडते, सांधे धरतात. घरच्यांना वाटते बाई बदलली. मग कुणी म्हणते "बाहेरचं आहे", आणि तिला भगताकडे नेतात, अंगारा लावतात, पैसे जातात. वाफा येणारी एक बाई आम्हाला भेटली, तिच्यासाठी घरच्यांनी दोन कोंबडे कापले होते. तिच्या डिस्चार्ज कार्डवर मात्र सगळे स्पष्ट लिहिलेले होते.

म्हणून ते कार्ड शोधा. ऑपरेशनचे नाव त्यावर इंग्रजीत असते. 'टीएएच' म्हणजे पोटातून पिशवी काढली. त्याच्या पुढे 'बीएसओ' अशी तीन अक्षरे असतील तर दोन्ही ओव्हरी काढल्या. 'यूएसओ' असेल तर एकच काढली. एक ओव्हरी राहिली तरी ती बरेच काम करते. वाचता येत नसेल तर आशाताईला, नर्सला, शिकलेल्या मुलीला दाखवा. काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्टही मागून घ्या, कारण पिशवीत किंवा ओव्हरीत खरोखर काही आजार होता का, ते त्यातच कळते.

कार्ड हरवले असेल तर त्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवायचा नियम आहे, त्यामुळे जुन्या ऑपरेशनचे कागद मिळतीलच असे नाही. तेव्हा सोनोग्राफी आणि रक्तातील एफएसएच या तपासणीवरून डॉक्टरांना अंदाज येतो.

दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत आणि वय ४५ च्या आत आहे, अशा प्रत्येक बहिणीने स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न विचारावा: मला इस्ट्रोजेन द्यायचे का? इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेले तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून काही अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. ते गोळी, जेल किंवा चिकटपट्टीच्या रूपात मिळते. स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, लिव्हरचा मोठा आजार असलेली, अशा बायांना ते साधारणपणे देत नाहीत. त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणू नका. गोळी सुरू असताना एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा छातीत दुखून दम लागला, तर थेट दवाखाना गाठा.

"हार्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो" ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. ती आली कुठून? अमेरिकेत 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. २००२ मध्ये त्यात दिसले की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन औषधे मिळून घेणाऱ्या बायांत स्तनाचा कॅन्सर थोडा वाढला. बातमी जगभर गेली. पण त्याच अभ्यासात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायांचा वेगळा गट होता. त्यातल्या निम्म्यांना एकटे इस्ट्रोजेन दिले होते, आणि त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. लकव्याचा धोका थोडा वाढला, हेही खरे. त्या सगळ्या बाया ५० ते ७९ वयाच्या होत्या, आपली तिशीतली बहीण त्यांच्यात नव्हती. प्रोजेस्टेरॉन मुख्यतः पिशवीच्या अस्तराला जपण्यासाठी देतात, पिशवीच नसेल तर बहुतेकींना ते लागत नाही.

हाडांचे मात्र वाट न बघता आजच सुरू करावे लागते. दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात, म्हणजे दोनेक भाकरीत, सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ, दही, हरभरा, राजगिरा, काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी, हे सगळे आपल्या घरात आहेच. बीपी असेल तर सुकी मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. उरलेल्यासाठी डॉक्टर गोळी देतील, जन औषधी केंद्रात ती स्वस्त पडते. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत ड जीवनसत्त्व मिळत नाही, त्यासाठी गच्चीवर किंवा दारासमोर ऊन घ्यावे. "चार घरची धुणीभांडी करते, अजून कशाला चालू?" असे बाया विचारतात. बसून केलेले काम हाडांना पुरत नाही, अर्धा तास झपझप चालणे वेगळे. आणि मिश्री. तंबाखू हाडांचा आणि हृदयाचा दोन्हीचा वैरी आहे, पण मिश्री सोडणाऱ्या बाया आम्हाला अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच भेटल्या. वर्षातून एकदा बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

एक गोष्ट बाया बैठक संपल्यावर, चपला घालताना हळूच सांगतात. नवऱ्याजवळ जाताना आग होते, कधी रक्त दिसते. लघवीला सारखी जळजळ होते. इस्ट्रोजेन कमी झाले की योनीची त्वचा कोरडी आणि पातळ पडते, त्यातून हे होते. त्यासाठी त्या जागी लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम असते. ते शरीरात फार थोडे शोषले जाते आणि बऱ्याच जणींना त्याने आराम पडतो. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी डॉक्टरांना तसे सांगा. भावांनीही वाचावे: ती टाळत नाही, तिला दुखते. पिशवी काढल्यावर पुन्हा पुन्हा रक्त दिसले तर मात्र क्रीमवर न थांबता तपासणी करून घ्यावी.

हल्ली "हार्मोन बॅलन्स" करणाऱ्या पावडरी वस्तीत विकायला येतात. हजार-दीड हजारांचा डबा असतो. काढलेली ओव्हरी कोणत्याही पावडरीने परत काम करत नाही. त्याच पैशांत महिनाभराचे दूध आणि नाचणी येते. महागड्या हार्मोन तपासणीच्या पॅकेजचेही तसेच. दोन्ही ओव्हरी काढल्याचे कागदावर असेल तर ते सिद्ध करायला रक्त तपासायची गरज नसते. ओव्हरी ठेवल्या आहेत, वय ४५ च्या आत आहे आणि वाफा सुरू झाल्या, तर एफएसएच कामाची, तीही चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते.

ज्यांना आता पिशवी काढायला सांगितले आहे, त्यांनी घाई करू नये. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढणे रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. त्यानुसार चाळिशीच्या आतल्या बाईच्या ऑपरेशनला दुसऱ्या डॉक्टरचेही मत लागते. सरकारी दवाखान्यातून ते मत घ्या. ऑपरेशन ठरलेच, तर संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी विचारा, "ओव्हरी ठेवणार की काढणार? काढणार तर का?" उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या, आणि त्याची झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.