समुद्राची वेळ

मार्च महिना लागला, परीक्षांची वेळापत्रके हाती आली, की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या घरांतून सुट्टीच्या गोष्टी निघू लागतात. पूर्वी सुट्टी म्हटली म्हणजे पुण्याचे नातेवाईक, नाशिक-पंढरपूर, नाही तर कोकणातले आजोळ. आता मुले नकाशा उघडतात आणि बोट ठेवतात ते थेट समुद्रातल्या एखाद्या ठिपक्यावर. अंदमान, लक्षद्वीप, श्रीलंका, मॉरिशस, बाली! कुठल्या बेटावर जायचे, हा प्रश्न मग आठवडाभर रात्रीच्या आमटीभाताबरोबर पानात पडतो.

चित्रे पाहावीत, तर सगळीच एका साच्यातली. पांढरी वाळू, पाण्याकडे झुकलेला माड आणि निळ्या शाईची दौत सांडावी तसा समुद्र. पण चित्रावरून बेट निवडणे म्हणजे गवयाच्या तसबिरीवरून त्याचा आवाज ओळखण्यासारखे आहे. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वडिलांची सारी हयात राजवाड्यातल्या गाण्याबजावण्यात गेली. बैठक, तानपुरा आणि शागीर्द यांपलीकडे त्यांनी कधी काही मागितले नाही. ऐंशीव्या वर्षी मात्र एकदा म्हणाले, "समुद्रापाशी चार दिवस नुसते बसावेसे वाटते." 2016 साली, शिकवण्या आटोपल्यावर, मेच्या अखेरच्या आठवड्यात मी त्यांना अंदमानास घेऊन गेलो. मोसमी वारे केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानास पोचतात, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य मी विसरलो होतो. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरला (2024 पासून ते श्री विजय पुरम झाले) उतरलो, तो आकाश पाण्याने भरलेले. हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, तेथे जाणारी आमची बोट वादळी हवेमुळे एकदा रद्द झाली, मग दुसऱ्यांदा रद्द झाली. वडील खिडकीशी खुर्ची ओढून बसून राहिले. समुद्र होता, पण पावसाच्या पडद्यापलीकडे. तिसऱ्या संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, "अरे, रागाला वेळ विचारतोस, समुद्राला विचारली नाहीस."

पुढच्या वर्षी ते गेले. ते वाक्य मात्र घरात राहिले आहे.

तेव्हा वाचकहो, पहिला नियम हा, की आधी तिथी ठरवावी आणि मग बेट. आपल्याकडे सुट्ट्या दोन, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. या भागातल्या बेटांना चार ऋतू नसतात, दोन वारे असतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, आणि पुढे हिवाळ्यात ईशान्येचा. विषुववृत्ताच्या खाली गेलो, की हिशेब पुन्हा बदलतो. एवढे ध्यानात धरले, तर निम्मी निवड आपोआप होते.

अंदमानचा खरा काळ जानेवारी ते एप्रिल. तेव्हा राधानगरचा विस्तीर्ण किनारा पाहावा, आणि ज्या सेल्युलर जेलमध्ये सावरकरांनी 1911 ते 1921 अशी दहा वर्षे काढली, तेथे थोडा वेळ उभे राहावे. मराठी माणसाला त्या बेटावर नुसते समुद्रस्नान करून परतताच येत नाही.

लक्षद्वीपची दारे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास उघडतात आणि मेच्या मध्यानंतर समुद्र ती पुन्हा लावून घेतो. छत्तीस बेटे मोजली जातात, पैकी वस्ती दहांवर, आणि सगळी जमीन मिळून अवघी 32 चौरस किलोमीटर. आपल्याच देशात असूनही तेथे जायला परवाना लागतो. कोचीहून बोटीने निघालात, तर एक रात्र समुद्रावर काढावी लागते. विमान उतरते ते अगत्ती बेटावर. दिवाळीच्या सुट्टीला ही बेटे सोयीची खरी, पण परवान्याची खटपट नवरात्राच्या आधीच सुरू करावी.

श्रीलंकेची गंमत वेगळी. एकाच बेटाचे दोन किनारे दोन निराळ्या वेळी गातात. मध्यभागी डोंगर आहेत, त्यांतले सर्वांत उंच शिखर अडीच हजार मीटरांहून वर. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण भिजते आणि दुसऱ्या अंगाला देश कोरडा राहतो, तोच प्रकार. मे ते सप्टेंबरमध्ये गॉल-बेंटोटाकडचा नैर्ऋत्य किनारा खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेकडे त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. डिसेंबर ते मार्चमध्ये नैर्ऋत्येची पाळी येते. 'श्रीलंकेला कधी जावे?' या प्रश्नाला उत्तर नाही, 'कोणत्या किनाऱ्यावर?' असे विचारले, तर आहे.

विषुववृत्ताखालच्या बालीत कोरडा काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. उन्हाळ्याच्या सुट्टीला हे बरोबर जुळते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पश्चिमेचा वारा कुटाच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचा कचरा आणून टाकतो. बालीचे नाव निघाले, की आम्हा गाण्यातल्या लोकांचे कान टवकारतात ते गमेलन या वाद्यवृंदामुळे. तेथे काशाच्या पट्ट्यांची वाद्ये जोडीने असतात आणि जोडीतले एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढे लावतात. दोन्ही एकदम वाजली, की स्वर थरथरतो. त्या थरथरीला त्यांचा शब्द आहे 'ओम्बाक', म्हणजे लाट. आम्ही जवारी काढण्यात आणि तारा मिळवण्यात जन्म घालवतो. त्यांनी स्वरातच समुद्र ठेवून दिला!

मॉरिशस विसाव्या दक्षिण अक्षांशाजवळ. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने, तेव्हा तिकडे न वळलेले बरे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथला हिवाळा, आग्नेयेचा वारा पूर्वकिनाऱ्यावर सारखा वाहत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, म्हणजे आपली दिवाळी. आपल्याला तेथे आणखी एक ओढ आहे. 1834 पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. आजही तेथे शाळेत मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आपणही मुलखाबाहेर मराठी राखलेली माणसे. पण आपले पूर्वज बडोद्यास आले ते गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि चाकरीसाठी. त्यांचे गेले ते बोटीच्या तळाशी. त्यांच्या अंगणातला गणपती पाहायला मिळाला, तर समुद्रापेक्षा तोच जास्त आठवेल, असे मला वाटते.

वेळ जुळली, की दुसरा प्रश्न किनाऱ्याचा. बेट एकच असले, तरी एका बाजूला प्रवाळाची भिंत लाटा अडवते आणि आत कमरेइतके संथ पाणी असते. दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र असतो आणि परतणारी लाट माणसाला ओढून नेते. बालीत सानूरचा किनारा पहिल्या प्रकारचा, कुटाचा दुसऱ्या. आपल्यापैकी बहुतेकांचे पोहणे शाळकरी वयातल्या तलावातले. बरोबर म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील, तर भिंतीआडचे पाणीच निवडावे, आणि जीवरक्षक नसेल तेथे गुडघ्याच्या पुढे जाऊ नये.

ही भिंत जिवंत असते, हेही मुलांना निघण्यापूर्वी सांगावे. समुद्र अतोनात तापला, की प्रवाळ पांढरे पडतात. 1998 आणि 2016 साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच होरपळले. त्यावर पाय देऊन उभे राहू नये, आणि शंख-प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत घालू नयेत. बेटावर गोडे पाणीही मोजकेच असते. कवरत्तीला 2005 साली समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना उभारला, तो दिवसाला एक लाख लिटरचा. तेथे अर्धा तास नळ सोडून आंघोळ करणारा पाहुणा यजमानाच्या घागरीतले पाणी ओतत असतो.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मास्तर, एवढा पैसा आणायचा कुठून? तर बडोदेकरांना एक बेट वारशानेच मिळालेले आहे. ओखामंडळ हा गायकवाडांचा मुलूख, आणि बेट द्वारका त्यातलेच. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या समुद्रजीवनाचा अहवाल बडोदे सरकारसाठी तयार केला, तो 1909 आणि 1916 मध्ये दोन भागांत निघाला. फेब्रुवारी 2024 पासून बेटावर पुलानेच जाता येते. जवळच शिवराजपूरचा स्वच्छ किनारा आहे. तेथे माडांची रांग नाही, पण हिवाळ्यातली चार दिवसांची सुट्टी असेल आणि खिशात बेताचे पैसे असतील, तर समुद्र पाहायला दूर जावे लागत नाही.

आता आमच्या घरचा निकाल. मुलांनी बाली मागितली, सौभाग्यवतींनी मॉरिशस, आणि आईने काहीच नाही. तिचे वय 78, गुडघे दुखरे, पासपोर्ट नुकताच हातात आलेला. सुट्टी मेमधली, म्हणून अंदमान आणि लक्षद्वीप आधीच गळाले. बालीचा प्रवास तिला झेपणार नाही. मॉरिशसचा गणपती पुढे कधी तरी, पैसे साठले की. उरला त्रिंकोमालीचा किनारा. पाणी उथळ आणि त्या दिवसांत शांत. कोलंबोहून मोटारीने सहा-सात तास लागतात, ते वाटेत एक मुक्काम करून दोन दिवसांत वाटले. शिवाय समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोनेश्वराचे मंदिर. जुने देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले, पुढे ते पुन्हा उभे राहिले. सोमवारी दर्शन होईल असा दिवस धरला आहे.

मुले थोडी हिरमुसली, मग मासे पाहायला मिळतील एवढ्यावर राजी झाली. आईने मात्र सगळे ऐकून एकच विचारले, "पाण्याजवळ बसायला खुर्ची मिळेल ना रे?"

मिळेल, म्हटले. या खेपेला वेळ विचारून ठेवली आहे.