घारापुरीच्या अंधारात कॅमेरा

आजचा एपिसोड आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे खरं तर किनाऱ्यासमोरच्या बेटावरचा. घारापुरी. लाँच गेटवेवरून सुटते म्हणून सगळे तिला मुंबईत धरतात, पण बेट आहे आपल्या उरण तालुक्यातलं.

या लेण्यांचे अगदी सुरुवातीचे फोटो काढणाऱ्यांत विल्यम जॉन्सन हे नाव येतं. हा इंग्रज मुंबईत सरकारी कारकून होता आणि त्याला फोटोंचा नाद लागला. 1854 मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हेही त्याच सोसायटीतले हौशी फोटोग्राफर. 1856 पासून जॉन्सनने विल्यम हेंडरसनबरोबर 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. मासिकच, पण त्यात छापील चित्रं नव्हती, खरे फोटो चिकटवलेले असायचे.

आता हौस म्हणजे काय, ते ऐका. त्या दशकात रुळत होती ती काचेची ओली पद्धत, 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने जाहीर केलेली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, सगळीकडे सारखं पसरवायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच पुन्हा अंधारात नेऊन डेव्हलप करायची. वाळली की संपलं. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण कलोडियनमधला ईथर भराभर उडून जातो. म्हणजे डार्करूम बरोबर न्यायची! तंबू, बाटल्या, काचा, धुवायला गोडं पाणी, सगळं होडीतून. त्यात फोटो मोठा करून छापायची सोय नव्हती. जेवढी काच तेवढाच फोटो, म्हणून कॅमेराही पेटीएवढा.

एवढं करून बेटावर पोचलात तरी उजेडाचं काय? मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला आणि सदाशिवाची ती साडेपाच-सहा मीटर उंच मूर्ती पार आत, दक्षिणेच्या भिंतीत. समोरून थेट ऊन येत नाही. मग झाकण काढायचं आणि प्लेटवर पुरेसा उजेड जमेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात कोणी हललं तर नुसता धूसर डाग. दगड हलत नाही, हा लेण्यांचा मोठा फायदा.

हे फोटो ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. बघताना खांबांकडे लक्ष द्या. मोडलेले, अर्धे तुटून छताला लोंबणारे खांब दिसतात. पुढे दुरुस्ती झाली, म्हणून आज आपण जे अख्खे खांब बघतो त्यातले सगळेच जुने नाहीत. जुना कोणता आणि नवा कोणता, हे सांगायला असे फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

पण याच जॉन्सनचे माणसांचे फोटो इतक्या विश्वासाने बघू नका. 1863 आणि 1866 मध्ये त्याने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे घेतलेत, मागचं दृश्य दुसरीकडे, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलंय. आपण फोनवर बॅकग्राउंड बदलतो ना, तेच, फक्त हाताने. कित्येक चित्रांत पायाखालची जमीन आणि मागचा देखावा जुळतच नाही. माणूस आपल्या दारात उभा आहे असं वाटतं, पण तो तिथे कधी गेला होता की नाही, हे फोटोवरून कळणार नाही.

शिवाय बहुतेक चित्रांखाली जातीचं किंवा समाजाचं नाव आहे. कॅमेऱ्यासमोर श्वास धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं नाही.