बाई कुणाच्या वाटणीचं काम करते?

नवरा-बायको दोघंही नोकरीला, घर वन बीएचके, मूलबाळ अजून नाही. मग केर-लादीला बाई कशाला? ठाण्यापासून कल्याणपर्यंत हा प्रश्न घरोघर निघतो. बहुतेक वेळा तो सुनेला विचारला जातो, मुलाला नाही. सगळ्या गैरसमजांचं मूळ तिथेच आहे.

‘दोघांच्या घरात काम ते किती?’ हा त्यातला पहिला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. ही देशभरातली सरासरी आहे आणि त्यात नोकरी न करणाऱ्या बायकाही धरल्या आहेत. म्हणजे डोंबिवलीतल्या जोडप्याच्या घरात नेमकी एवढीच मिनिटं जातात असं नाही, पण झुकतं माप कुणीकडे आहे ते कळतं. त्यात भर प्रवासाची. सीएसएमटी ते डोंबिवली जवळपास 48 किलोमीटर. फास्ट लोकल मिळाली तरी तासाच्या वर वेळ जातो, वर रिक्षाची रांग.

‘आम्ही वाटून घेतो’ असं सांगणारी जोडपी खोटं बोलत नाहीत. फक्त वाटणी कशी झालीय ते बघावं. लाइट बिल, वाणसामान, गॅसचा नंबर, गाडीचं सर्व्हिसिंग ही त्याची कामं. ती शनिवारवर ढकलता येतात. रात्रीची खरकटी भांडी आणि सकाळचा केर ढकलता येत नाही, आणि ती बहुधा तिच्याकडे असतात. बाई येऊन नेमकं हे न ढकलता येणारं काम उचलते. म्हणून ती आल्यावर घरातल्या बाईला हायसं वाटतं आणि पुरुषाला फारसा फरक जाणवत नाही.

यातूनच सगळ्यात अन्यायाचा हिशेब तयार होतो. सुनेच्या पगारातून रेल्वेचा पास, डबा आणि बाईचे पैसे वजा करायचे आणि विचारायचं, ‘मग हातात राहतं काय?’ बाईचा पगार तिच्याच खात्यातून का वजा व्हावा? घर दोघांचं, धूळ दोघांची, भांडी दोघांची. हा खर्च घरभाड्यासारखा, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा दोघांच्या मिळकतीतून जायला हवा. एवढं एक बदललं तरी निम्म्या घरांतला वाद मिटेल असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज शिकलेल्यांत जास्त. ‘माझ्या एका तासाची किंमत बाईच्या पगारापेक्षा जास्त आहे, म्हणून बाई परवडते.’ पण पगारदार माणसाने वाचवलेल्या तासाचे त्याला कुणी जादा पैसे देत नाही. खिशातून पैसे जातातच. बदल्यात मिळते ती झोप, आठवड्यातली एखादी रिकामी संध्याकाळ, कमी झालेली चिडचिड. ते हवं असेल आणि हप्ते भरून पैसे उरत असतील तर बाई जरूर लावावी. उरत नसतील तर घासाघीस करून दर पाडू नये. त्यापेक्षा ती न ढकलता येणारी कामं दोघांत आलटून-पालटून करावीत.

बाई लावली की सुटलो, असंही नसतं. ती साडेसहाला येणार की आठला, दोघंही निघून गेल्यावर किल्ली कुणाकडे, बदली बाई कोण शोधणार, हे सगळं पुन्हा एकीच्याच डोक्यावर येतं. कामही नेमकं ठरवावं लागतं. केर-लादीत बाल्कनी धरली का, पलंग सरकवायचा का, बाथरूमचे वेगळे पैसे का? पंखे आणि खिडक्यांच्या जाळ्या तर बहुधा दिवाळीआधीचं निराळं काम. हे पहिल्या दिवशी बोललं नाही की महिन्याभरात कुरबुरी सुरू होतात, आणि दोष बाईला लागतो.

‘खाडे फार करतात’ ही त्यातली नेहमीची तक्रार. नोकरदार जोडप्याला साप्ताहिक सुटी असते, शिवाय रजा. बाईने महिन्यात दोन दिवस घेतले की ते खाडे, आणि पैसे कापायचे! 1980 साली पुण्यातल्या घरकामगार बायकांनी आपण होऊन संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि रजा हे तेव्हापासूनचे प्रश्न आहेत. महिन्याला दोन भरपगारी सुट्या आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार ही रीत बऱ्याच घरांनी आपणहून पाळली आहे. ते उपकार समजू नयेत.

आणखी एक विसरलं जातं. दिव्याहून, टिटवाळ्याहून किंवा ठाण्यातल्या लोकमान्यनगरातून येणाऱ्या या बाईचं घरही पुष्कळदा नोकरदार जोडप्याचंच असतं. चार घरची लादी पुसून ती परतते तेव्हा तिच्या घरची भांडी तशीच पडलेली असतात.

‘यांना कुठला कायदा लागू होतो?’ असं सर्रास म्हटलं जातं. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी ती आपल्याकडे काम करते असा दाखला लिहून द्यायला कचरू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही घरकामगारांना संरक्षण देतो, म्हणजे कायद्याच्या नजरेत आपला फ्लॅट हे तिचं कामाचं ठिकाण आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. 18 ते 70 वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कुणालाही तो घेता येतो. ओल्या लादीवर आणि खिडकीच्या कठड्याशी काम करणाऱ्या बाईचा हा हप्ता दिवाळीच्या बोनसबरोबर आपणच भरावा.