कंपवात : औषध आणि सोबत

पोलाद कणखर करण्यास मँगनीज लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून बालाघाट, भंडारा व नागपूर या जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी चालू होत्या. या उपयुक्त धातूची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास मात्र मेंदूस इजा पोहोचते. चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो. ही लक्षणे कंपवाताशी पुष्कळ जुळतात. परंतु हे दोन विकार एक नव्हेत.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवाताचे सविस्तर वर्णन केले. त्यात मध्यमेंदूतील एका काळसर भागातील पेशी नाश पावतात. त्यात डोपामीन हे द्रव्य कमी पडते, हे १९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकेविच यांनी दाखविले. डोपामीन पोटात घेऊन मेंदूत पोहोचत नाही. लेव्होडोपा पोहोचते आणि तेथे त्याचे डोपामीन बनते. चिलीतील मँगनीज-खाणकामगारांच्या विकाराचा अभ्यास करणारे जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली असे सिद्ध केले की, डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेल्यास जखडलेले रुग्ण पुन्हा हालचाल करू लागतात. हेच लेव्होडोपा दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली आपल्या खाजकुयलीच्या बियांतून वेगळे केले होते. तथापि बियांतील प्रमाण अनिश्चित असल्याने त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे होय.

औषधाने लक्षणे आटोक्यात येतात. पेशींचा नाश थांबत नाही. काही वर्षांनी औषधाचा प्रभाव कमीजास्त होऊ लागतो. आवाज क्षीण होतो, हाताचा कंप लोकांच्या नजरेस पडेल या संकोचाने रुग्ण घराबाहेर पडेनासा होतो. येथे औषधाच्या जोडीला माणसांची सोबत लागते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण व त्यांचे कुटुंबीय एकत्र जमतात, तज्ज्ञांची व्याख्याने ऐकतात, अनुभवांची देवाणघेवाण करतात. मुंबईत २००१ साली अशाच कार्यासाठी संस्था स्थापन झाली. पुण्यात रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालविले गेले; कारण तालाच्या आधाराने अडखळलेले पाऊल पुष्कळदा पुढे पडते.

भिलाईसारख्या नगरांत कारखाना उभारणारी पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि कंपवात हा प्रायः उतारवयाचा विकार आहे. एक सभागृह, एक जाणता वैद्य आणि संकोच सोडलेली चार कुटुंबे एवढ्यावर अशा कार्याचा आरंभ होऊ शकतो.