आधी रक्तातली साखर तपासा

सभासद बंधूंनो, उसाचं पान पिवळं पडलं की आपण लगेच गट ऑफिस गाठतो, पण ‘कमजोरी’बद्दल वर्षानुवर्षे गप्प. शिवारफेरीत बांधावर आम्हांला हळूच विचारतात, म्हणून लिहितो. ताठरता वारंवार कमी पडू लागली, तर तो पुष्कळदा मधुमेहाचा वा हृदयविकाराचा आगाऊ इशारा असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक. त्या आधी तुंबतात, छातीचं दुखणं मागाहून येतं. तेव्हा लॉजवर उतरणाऱ्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’ला पैसे मोजण्याआधी ग्रामीण रुग्णालयात रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. (साखर कारखान्याच्या माणसानं हे सांगावं, ही गंमतच!) दुकानातून परस्पर गोळी नको, हृदयविकारावरची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. अंडकोशात न दुखणारी गाठ हाताला लागली, तर पाळी-तोडीचं निमित्त न सांगता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.