मांडवावर भोपळे, पायथ्याशी कंद

अंगणातली बाग : लेखांक ९

मागच्या आठवड्यात मांडव उभा केला. आता त्यावर काय चढवायचं आणि पायथ्याशी काय लावायचं? बियाण्यांच्या पाकिटावरचं चित्र मोह घालतं : वर केशरी-पिवळे चिमुकले भोपळे, खाली ट्यूलिपचा ताटवा. चित्राला ऋतू नसतो. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी सुमारे तीन महिने चांगली थंडी लागते. ती श्रीनगरात मिळते, पुण्यात नाही. म्हणून रंग जुळवण्याआधी वेळा जुळवा.

वेलासाठी माझी पसंती तुंब्याला. तुंबा आणि दुधी ही एकाच जातीची भावंडं. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधत तो भोपळा हाच, आणि वारल्यांचा तारपाही याचाच. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. पाकिटावरचे रंगीत भोपळे मात्र लाल भोपळ्याच्या गोत्रातले. त्यांची फुलं पिवळी, सकाळी उमलणारी. फळं वाळवून ठेवली तर काही महिने शोभतात, मग रंग उडतो. पहिल्या वर्षी मी तो वेल जमिनीवरच पसरू दिला आणि श्रावणात एकूण एक फळ चिखलात सडलं. तुंब्याची साल वाळली की लाकडासारखी होते आणि वर्षानुवर्षं टिकते.

खरं सांगायचं तर तुंबा मी लावतो तो फळापेक्षा फुलासाठी. पांढरंशुभ्र, सुरकुतल्या रेशमासारखं हे फूल दिवेलागणीला उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. निशिगंधाचा वासही रात्रीच चढतो. दोघांचं गिऱ्हाईक एकच : अंधारात हिंडणारे पतंग. ऑफिसातून सातला घरी येणाऱ्या माणसाला दुपारी रंगणाऱ्या बागेचा काय उपयोग? त्याच्यासाठी हा पांढरा कोपरा.

निशिगंधाचे सुपारीपेक्षा थोडे मोठे कंद मार्च-एप्रिलमध्ये, दोन इंच खोल आणि वीतभर अंतराने लावा. त्याला भरपूर ऊन हवं, म्हणून तो मांडवाखाली नव्हे, मांडवापुढे दक्षिणेच्या बाजूला. भोपळ्याची मुळं उथळ आणि लांबवर पसरणारी, तेव्हा दोघांत दोन फुटांचं अंतर असू द्या. वासासाठी एकेरी फुलाचा निशिगंध घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले रजनी' त्यातलाच. दुहेरी फुलं गुच्छात देखणी, पण वासात मागे.

मांडवाखालच्या सावलीची सोय मे फ्लॉवर करतो. वेल पसरायच्या आधीच त्याचा लाल चेंडू फुलून जातो. मग पावसाळाभर त्याची रुंद पानं सावलीत सुखानं वाढतात, आणि हिवाळ्यात वेल वाळतो तेव्हा हाही जमिनीत निजतो. कडेनं रेन लिली लावा. चांगली सर पडून गेली की चार-पाच दिवसांत ती गुलाबी होते.

मांडवाच्या एका खांबाला कळलावी चढवावी असं अनेकांना वाटेल. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी तिची फुलं गौरी-गणपतीच्या सुमारास येतात, म्हणून तर तिला गौरीचे हात म्हणतात. पण तिचा कंद अत्यंत विषारी आणि दिसायला रताळ्याच्या जवळचा. घरात लहान मूल असेल तर हा मोह टाळाच.

तुंब्याचं बी जूनमध्ये पेरा. फळ धरत नसेल तर संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलात फिरवा. पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो ती मादी. देठ तपकिरी होईपर्यंत फळ उतरवू नका. मग देठासकट कापून सावलीत, हवेशीर जागी टांगा. वरून बुरशी दिसली तरी घाबरू नका, फळ टणक असेल तर ती पुसून काढता येते. आत बिया खुळखुळल्या की वाळलं समजा. मोठ्या फळाला काही महिने लागतात.

शेवटचं, पण महत्त्वाचं. शोभेच्या भोपळ्याजवळ झुकिनी लावली असेल तर तिचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. संकर होऊन कडू, विषारी फळं येऊ शकतात. दुधीचंही तेच, तुंबा शेजारी असेल तर बी विकतचंच घ्या. आणि दुधी असो वा झुकिनी, चिरल्यावर कडू लागली तर शिजवत बसू नका, फेकून द्या.