आधी रेघ की आधी अक्षर?

चिनी लिपीत 'तोंड' या अर्थाचे चिन्ह साधा चौकोन दिसते. बाजू चार, पण फटकारे तीनच. पहिली डावी उभी रेघ. वरची आडवी आणि उजवी उभी मिळून दुसरा फटकारा, लेखणी न उचलता. तळाची रेघ शेवटी. चार सुट्या रेघांनीही असाच चौकोन निघतो, तरी शिक्षक तो खोडतात. चिनी कोशांत आकारावरून चिन्हे शोधताना फटकाऱ्यांची संख्या लागते आणि एक फटकारा वाढला की शोध भलत्याच पानावर जातो. मोबाइलवर पाच मूळ फटकाऱ्यांच्या कळा दाबून लिहिण्याची एक पद्धत आहे. तिथे तर क्रम चुकला की चिन्ह सापडतच नाही.

नियम थोडे आहेत: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, उभीच्या आधी आडवी. चौकट असेल तर आधी तिच्या तीन बाजू, मग आतला भाग आणि तळाची रेघ अखेरीस, सामान आत गेल्यावर दार लावावे तशी. अपवादही आहेत; 'लहान' या चिन्हात मधली उभी रेघ आधी येते. नियम सर्वत्र एकच आहेत असेही नाही. 'शेत' या चिन्हात चौकटीच्या आत चिनी मूल आधी आडवी रेघ ओढते, जपानी मूल उभी. जपानच्या शिक्षण खात्याने 1958 मध्ये 881 चिन्हांचा क्रम सांगणारी पुस्तिका काढली. चीनने 1997 मध्ये 7000 चिन्हांचा क्रम प्रमाण केला. दोन्ही देशांत सरकारी शिक्का नंतर आला, हाताची सवय त्याच्या कितीतरी आधीची.

क्रमाचा हा प्रश्न आपल्याकडेही आहे. यंत्रमागांच्या भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिथे मराठीही शिकावी लागते. त्यामुळे एकाच मुलाच्या हातात दोन उलट क्रम बसतात. उर्दूत 'भिवंडी' हा शब्द उजवीकडून तीन तुकड्यांत लिहिला जातो. बे, दोचश्मी हे, ये आणि वाव यांचा जोड पहिला. वाव पुढच्या अक्षराला जोडला जात नाही, म्हणून तिथे हात उचलतो. मग नून आणि डाल, शेवटी सुटी ये. नुक्त्यांसाठी, म्हणजे ठिपक्यांसाठी, हात मध्येच थांबत नाही. जोडाचा सांगाडा झाला की बेखालचा एक, पहिल्या येखालचे दोन, नूनवरचा एक आणि डालवरची छोटी तोय अशी भर पडते.

देवनागरीत हेच नाव डावीकडून येते आणि शिरोरेषा सहसा अक्षरांनंतर ओढली जाते. घोळ इथेच होतो. भची शिरोरेषा डावीकडे तुटकी असते. घाईत सलग ओढली की भिवंडीची 'मिवंडी' होते. ध आणि घ यांचेही तेच दुखणे. राज्य शासनाने 2009 मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मान्य केले, त्यावर चर्चाही पुष्कळ झाली. प्राथमिक वर्गात मात्र या तुटक्या रेघेकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

मराठीच्या जुन्या मोडी लिपीने शिरोरेषेचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. आधी कागदभर आडव्या रेघा आखायच्या आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे त्यांना लटकवत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळायचा नाही, त्यामुळे 'भिवंडी'तल्या दोन्ही वेलांट्या सारख्याच. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत. सारी रचना वेगासाठी होती आणि पेशवाईतल्या चिटणिशी वळणात ती फार देखणी झाली.

वेगाने लिहिलेल्या मजकुरात अक्षराचा आकार मोडतो, हाताची वाट उरते. म्हणून चिनी धावती लिपी, फारसी-उर्दूचे शिकस्ता हे धावते वळण आणि मोडी यांच्या वाचकाला फटकाऱ्यांचा क्रम माहीत असावा लागतो. कोणती रेघ कुठून आली हे कळले तरच दोन अक्षरांचा गुंता सुटतो. नुसता अक्षरांचा तक्ता पाठ करणाऱ्याला छापील मोडी वाचता येते, दप्तरातली नाही.

2023 मध्ये निवृत्त न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज सगळ्यांना दिसली. त्यानंतरही अनेक मोडी वर्ग वाचनावरच भर देतात. तिथे पहिल्या दिवशी तक्ता देण्याऐवजी बोरू आणि आखलेला कागद द्यावा.